पाणी पिण्याचे, पाणी ओलिताचे : भूजलाची पारख आणि नकाशा

शाळा उघडली की वसतिगृहात नवी मुले येतात. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातून आलेला एखादा मुलगा पहिल्या दिवशी पेला तोंडाला लावतो, घोट घेतो आणि म्हणतो, "सर, हे पाणी अळणी लागते." इतर मुले हसतात. वास्तविक त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्या पाण्यावर तो वाढला त्यात मीठ होते, त्यामुळे बिनमिठाचे पाणी त्याला फिके वाटणारच. जीभ सवय मोजते. पाण्यातले क्षार ती मोजत नाही.

याच्या उलट प्रकार अधिक काळजीचा आहे. चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरवेलचे पाणी चवीला उत्तम असते, डोळ्यांना स्वच्छ दिसते, आणि तरीही त्यातील फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे उमटतात. फ्लोराइडला चव नाही, रंग नाही, वास नाही. नायट्रेटचेही तसेच. म्हणून "आमच्या विहिरीचे पाणी चांगले आहे" हे विधान जिभेच्या भरवशावर करता येत नाही. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : मोजमाप, ते मोजमाप कोणत्या उपयोगासाठी आहे याची स्पष्टता, आणि ते कोठे घेतले याचा नकाशा. या तिन्हींचा परिचय आपले माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांना करून द्यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

खडक बदलला की पाणी बदलते

पावसाचे पाणी जमिनीत मुरते तेव्हा ते जवळजवळ शुद्ध असते. खाली जाताना ते ज्या मातीतून आणि खडकातून वाट काढते त्यांतील क्षार विरघळवून घेते. जितका मुक्काम लांब, तितके क्षार अधिक. महाराष्ट्राचा सुमारे ऐंशी टक्के भूभाग काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसॉल्टने व्यापलेला आहे. त्यात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या मुरमात साठते. त्यामुळे शंभर पावलांवरच्या दोन विहिरींचे पाणीसुद्धा वेगळे असू शकते.

खारपाणपट्ट्याची गोष्ट निराळी आहे. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याची रांग यांच्यामधील खोलगट भागात गाळाचे जाड थर साचले आहेत. त्यातून पूर्णा नदी वाहते आणि पुढे तापीला मिळते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून हा पट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा आहे. येथील गाळ बारीक आणि चिकण आहे. त्यात पाणी फार सावकाश सरकते. उन्हाळा कडक, बाष्पीभवन मोठे; पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र गोटे-वाळूचे थर आहेत व तेथे गोडे पाणी लागते. तेथून काही किलोमीटर दक्षिणेस गेले की विहीर खारी निघते. गोड आणि खारे यांची ही सीमा जमिनीवर दिसत नाही. ती शोधण्याचा मार्ग एकच : ठिकठिकाणचे पाणी मोजायचे आणि आकडे नकाशावर मांडायचे.

पिण्याच्या पाण्याची कसोटी

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे 'आयएस १०५००' हे मानक २०१२ पासून सुधारित स्वरूपात लागू आहे. त्यात अनेक घटकांसाठी दोन मर्यादा दिल्या आहेत. पहिली 'स्वीकार्य' मर्यादा. दुसरी, दुसरा स्रोत उपलब्धच नसेल तर चालवून घेण्याची 'अनुज्ञेय' मर्यादा. गावाच्या दृष्टीने महत्त्वाचे घटक असे (आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये) :

• एकूण विद्राव्य क्षार (टीडीएस) : स्वीकार्य ५००, अनुज्ञेय २,०००
• क्लोराइड : स्वीकार्य २५०, अनुज्ञेय १,०००
• एकूण काठिण्य : स्वीकार्य २००, अनुज्ञेय ६००
• फ्लोराइड : स्वीकार्य १.०, अनुज्ञेय १.५
• नायट्रेट : ४५; यात सवलत नाही

याखेरीज १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू अजिबात आढळता कामा नये.

काठिण्य जास्त असलेल्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. म्हणजे ते निदान ओळखू तरी येते. नायट्रेट ओळखू येत नाही. उकिरडा, गोठा, शोषखड्डा आणि शेतातील जादा युरिया यांतून ते विहिरीत उतरते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व बाळ निळसर पडू शकते. येथे पालकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु नायट्रेट आणि फ्लोराइड जात नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण थोडे वाढते.

महाराष्ट्रात वर्षातून दोनदा स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते, हे आपणांस ठाऊक असेल. ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु तो रंग मुख्यतः स्रोताची स्वच्छता, गळती आणि क्लोरिनचा वापर यांविषयी बोलतो. हिरवे कार्ड आहे म्हणून फ्लोराइड नाही, असा निष्कर्ष काढू नये.

ओलिताच्या पाण्याची कसोटी

शेतीसाठी प्रश्न वेगळे विचारावे लागतात. पहिला प्रश्न : पाण्यात एकूण क्षार किती? तो विद्युतवाहकतेवरून कळतो, कारण क्षार जितके अधिक तितकी वीज पाण्यातून सहज वाहते. वाहकता २५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरपर्यंत असेल तर पाणी कमी क्षारतेचे, २५० ते ७५० मध्यम, ७५० ते २,२५० अधिक आणि त्यापुढे अतिशय अधिक, अशी वर्गवारी आहे.

दुसरा प्रश्न : कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती? कॅल्शियम मातीचे कण एकमेकांना धरून ठेवते. सोडियम ते सुटे करते. सोडियम वाढले की काळी जमीन ओली असताना चिखल आणि वाळली की दगड होते. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. हे मोजण्यासाठी 'सोडियम अधिशोषण गुणोत्तर' काढतात : कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज करून निम्मी करावी, तिचे वर्गमूळ घ्यावे आणि त्याने सोडियमला भागावे. उत्तर १० च्या आत असेल तर धोका कमी, १० ते १८ मध्यम, १८ ते २६ मोठा आणि त्यापुढे फार मोठा.

तिसरा प्रश्न : कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मिळून कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा किती जास्त आहेत? ही जादा रक्कम म्हणजे 'अवशिष्ट सोडियम कार्बोनेट'. ती १.२५ च्या आत सुरक्षित, १.२५ ते २.५ काठावरची आणि २.५ च्या पुढे अयोग्य मानतात. ही दोन्ही गणिते मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर या एककात करावयाची असतात. त्यासाठी मिलिग्रॅमच्या आकड्याला सोडियमसाठी २३, कॅल्शियमसाठी २०, मॅग्नेशियमसाठी १२.१५ आणि बायकार्बोनेटसाठी ६१ ने भागावे.

एकच पाणी, दोन निकाल

समजण्यासाठी एक काल्पनिक नमुना घेऊ. एका विहिरीच्या पाण्यात प्रति लिटर सोडियम ४६० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम २४.३, बायकार्बोनेट ४८८, क्लोराइड ४२६ आणि सल्फेट १९२ मिलिग्रॅम आहे. एकक बदलले की सोडियम २०, कॅल्शियम २, मॅग्नेशियम २, दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट ८, क्लोराइड १२ (भाजक ३५.५) आणि सल्फेट ४ (भाजक ४८) असे आकडे येतात. दोन्ही बाजूंची बेरीज २४. ही बेरीज जुळणे ही प्रयोगशाळेच्या अहवालाची पहिली परीक्षा होय. पाच-दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर अहवाल परत पाठवावा. त्यावरून नकाशा काढू नये.

आता गुणोत्तर पाहू. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बेरीज ४, निम्मे २, वर्गमूळ १.४१, २० ला १.४१ ने भागले की सुमारे १४. म्हणजे सोडियमचा धोका मध्यम. अवशिष्ट कार्बोनेट ८ वजा ४, म्हणजे ४, हे अयोग्य. एकूण विद्राव्य क्षार सुमारे १,४०० मिलिग्रॅम भरतात. क्षार, क्लोराइड आणि काठिण्य एवढ्यापुरते पाहिले तर दुसरा स्रोत नसताना हे पाणी माणसाला 'चालवून घेण्याजोगे' आहे. काळ्या जमिनीला मात्र ते चालत नाही. हेक्टरी ५ सेंटिमीटरचे एक ओलित म्हणजे ५ लाख लिटर पाणी. त्याबरोबर ७०० किलो क्षार शेतात उतरतात. हंगामात सहा पाणी दिले तर ४,२०० किलो. चांगल्या पावसात त्यातील काही धुऊन जातात, परंतु चिकण मातीत निचरा कमी असल्याने बरेच मागे राहतात.

याउलट फ्लोराइड २.५ असलेले गोडे पाणी पिण्यास अयोग्य, पण पिकाला सहसा बाधक नाही. नायट्रेट ९० असलेले पाणी बाळाला देऊ नये. तेच कापसाला दिले तर प्रत्येक ओलितागणिक हेक्टरी सुमारे १० किलो नत्र, म्हणजे जवळपास २२ किलो युरियाइतके खत, पाण्यातूनच मिळते. शेतकऱ्याने तेवढी युरियाची मात्रा कमी करावी. खर्च वाचेल आणि विहिरीत पुन्हा उतरणारे नायट्रेटही घटेल.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'पाणी चांगले की वाईट' हा प्रश्न अपुरा आहे. 'कशासाठी?' हे त्याला जोडल्याशिवाय उत्तर मिळत नाही. म्हणून एका गावाचे निदान दोन नकाशे हवेत : एक पिण्याचा, एक ओलिताचा.

नमुन्यापासून नकाशापर्यंत

नमुना घेण्याची पद्धत साधी आहे, परंतु तिच्यात हयगय चालत नाही. हातपंप किंवा मोटार काही मिनिटे चालवून नळीतील शिळे पाणी जाऊ द्यावे. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. फ्लोराइडसाठी काचेची बाटली वापरू नये. बाटलीवर तारीख, गाव, वस्ती, विहीर की बोअर, खोली, पाणी कोण व कशासाठी वापरतात हे लिहावे. मोबाईलवरून अक्षांश-रेखांश टिपताना दशांश चिन्हापुढे किमान चार अंक घ्यावेत. चौथ्या अंकाने सुमारे ११ मीटरपर्यंत जागा निश्चित होते.

नमुने वर्षातून दोनदा घ्यावेत : पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. क्षारता पुष्कळदा मे महिन्यात अधिक आढळते. नायट्रेट काही ठिकाणी पावसाळ्यानंतर वाढते, कारण पाऊसच ते वरून खाली नेतो.

आकडे हाती आले की ते भौगोलिक माहिती प्रणालीत भरतात. क्यूजीआयएस ही त्यासाठीची प्रणाली विनामूल्य आहे आणि साध्या संगणकावर चालते. प्रत्येक विहीर नकाशावर एक ठिपका होते. मग दोन ठिपक्यांमधील जागेची किंमत गणिताने अंदाजली जाते; याला अंतर्वेशन म्हणतात. त्यातली सोपी रीत अशी की जवळच्या विहिरीला अधिक वजन आणि दूरच्या विहिरीला कमी वजन द्यावयाचे. शेवटी मर्यादेच्या आत हिरवा, काठावर पिवळा आणि बाहेर लाल असे रंग भरले की नकाशा तयार झाला.

रंगाची फसगत

हा नकाशा दिसतो देखणा आणि तेथेच सावध राहावयाचे असते. मुख्य गावापासून दूर एक वस्ती आहे असे समजा. तेथील बोअरचे पाणी कोणी तपासलेले नाही. जवळपास तपासलेल्या विहिरी तीन : एक किलोमीटरवरील विहिरीत फ्लोराइड ०.६, आणि दोन-दोन किलोमीटरवरील दोन विहिरींत ०.८ व २.८. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिले तर पहिलीला १, उरलेल्या दोघींना प्रत्येकी पाव वजन मिळते. ०.६ अधिक ०.२ अधिक ०.७ म्हणजे १.५, भागिले एकूण वजन १.५, उत्तर १.०. संगणक वस्तीवर हिरवा रंग ओततो, कारण आकडा स्वीकार्य मर्यादेत बसला.

गणित चुकले नाही. पण त्या वस्तीतल्या एकाही माणसाचा पेला त्यात मोजलेला नाही. तेथील बोअर ९० मीटर खोल असेल आणि आजूबाजूच्या विहिरी १२ मीटरच्या असतील, तर ती पाणी निराळ्या थरातून उपसते. त्यात फ्लोराइड २.५ असले तरी नकाशा हिरवाच राहील. पुढे त्या हिरव्या रंगाच्या आधारे "तेथे फ्लोराइड नाही" असे लिहिले जाईल आणि वस्तीतल्या मुलांचे दात मात्र पिवळे पडत राहतील.

नमुना घेणारा माणूस सहसा डांबरी रस्त्याने येतो, ग्रामपंचायतीजवळची विहीर पाहतो आणि परत जातो. गावकुसाबाहेरची वस्ती, तांडा, पोड, धरणग्रस्तांची वसाहत येथवर तो पोहोचतोच असे नाही. म्हणून कोणताही नकाशा हाती आला की रंगाआधी ठिपके पाहावेत. माझ्या वस्तीवर ठिपका आहे काय? असल्यास तो उथळ विहिरीचा की खोल बोअरचा? कोणत्या महिन्याचा? ठिपका म्हणजे पुरावा. रंग म्हणजे त्यावरून केलेला अंदाज. सुज्ञ नकाशाकार उथळ आणि खोल स्रोतांचे नकाशे वेगळे काढतो, आणि जेथे ठिपके नाहीत तो भाग कोरा ठेवतो. कोरी जागा प्रामाणिक असते, कारण ती "येथे जाऊन मोजा" असे सांगते.

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह पाणी प्राशन केले. तो पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क होता. आपल्या पेल्यातील पाणी कसे आहे हे जाणण्याचा हक्क त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे.

निवासी शाळेची सोय

या कामासाठी निवासी शाळेइतकी सोयीची जागा नाही. येथे अनेक गावांची मुले एकत्र राहतात आणि वर्षातून दोनदा घरी जातात : उन्हाळ्यात आणि दिवाळीत. नमुने घेण्याचे हंगामही नेमके हेच. प्रत्येक मुलाने घरी पिण्यासाठी येणाऱ्या पाण्याची एक बाटली, वरील सर्व नोंदींसह, परत येताना आणली तर एका वर्षात डझनावारी वस्त्यांचे ठिपके शाळेच्या भिंतीवर उमटतील. उन्हाळ्याचा नमुना पहिल्या पावसाआधी भरून सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवावा.

यात मर्यादाही पाळाव्या लागतील. विद्युतवाहकता, क्लोराइड आणि फ्लोराइड यांचे प्रमाण बंद बाटलीत काही आठवडे फारसे बदलत नाही. तेव्हा एवढ्यापुरतीच ही बाटली वापरावी. नायट्रेट आणि बायकार्बोनेट लवकर बदलतात. जिवाणूंच्या तपासणीचा नमुना तर निर्जंतुक बाटलीत, थंड ठेवून, चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत जावा लागतो. ते काम गावातील जलसुरक्षकाकडून किंवा ग्रामपंचायतीमार्फत जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेकडून करून घ्यावे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संच हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत, हे पालकांनी विचारावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तसेच केंद्रीय भूजल मंडळ यांच्या निरीक्षण विहिरींचे आकडे ताडून पाहण्यास उपयोगी पडतात.

मोजमापानंतर उपाय करता येतात. फ्लोराइडच्या गावात पिण्यापुरता उथळ विहिरीचा किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा पर्याय तपासता येतो. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेली, चुना व तुरटी वापरून फ्लोराइड कमी करण्याची नलगोंडा पद्धतही आहे. खाऱ्या पट्ट्यात शेततळ्यातील पावसाच्या पाण्याचे एक संरक्षित ओलित विहिरीच्या चार पाण्यांपेक्षा जमिनीला मानवते. अवशिष्ट कार्बोनेट एक एककाने उतरवण्यासाठी हेक्टरी ५ सेंटिमीटरच्या ओलितामागे शुद्ध जिप्सम सुमारे ४३ किलो लागते. त्याची मात्रा माती परीक्षणानंतर कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यानेच ठरवावी.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपणांपैकी कोणी अभियंते आहेत, कोणी प्रयोगशाळेत, कोणी कृषी खात्यात, कोणी ग्रामपंचायतीवर, आणि पुष्कळजण शेतात. शाळेला देणगी देताना तिच्याबरोबर आपल्या गावच्या पाण्याचा एक अहवाल आणि त्या विहिरीचे अक्षांश-रेखांशही पाठवावेत. त्या नव्या मुलाला पाणी अळणी लागते तेव्हा त्याला चिडवण्याऐवजी आपण विचारू, "तुझ्या घरचे पाणी किती खारे आहे, मोजायचे का?" दिवाळीच्या सुटीत त्याच्या पिशवीत कपड्यांबरोबर एक रिकामी बाटलीही द्यावी. परत येईल तेव्हा भिंतीवरच्या नकाशावर पहिला ठिपका त्याच्याच हाताने लागेल.